दमास्कसचा सुभेदार

इसवी सन १८६० च्या सप्टेंबर महिन्याच्या ८ तारखेस दमास्कस शहरांत एका मनुष्यास बंदुकीच्या गोळ्या घालून देहान्त शिक्षा देण्यांत आली. हा मनुष्य कोणी दरोडेखोर किंवा बंडखोर नव्हता. दोन महिन्यांपूर्वींपर्यंत तो त्याच शहराचा सुभेदार होता. तुर्की सुलतानाच्या अरबस्तानांतील फौजेचा सेनापतीहि तोच होता. अहमद पाशा हें त्याचें नांव. त्यानें स्वतःच्या हातानें कोणाचा खून केला नव्हता, कोणाचें घर लुटलें नव्हतें, आणि ख्रिस्ती लोकांची कत्तल करा असा त्याच्या सहीचा हुकूमहि कोणी दाखविला नाहीं. त्याचा अपराध एवढाच कीं, जुलै महिन्याच्या ९ तारखेपासून आठवडाभर त्याच्या शहरांतील ख्रिस्ती पेठ जळत असतां तो स्वस्थ बसून राहिला. एवढ्या मोठ्या अधिकाऱ्यास त्याच्याच धर्माच्या सरकारनें केवळ कर्तव्य न केल्याबद्दल प्राणदंड द्यावा, अशीं उदाहरणें इतिहासांत फार थोडीं. अधिकाऱ्यांनीं दंगेखोरीकडे कानाडोळा केला म्हणजे त्यांतून धर्मछळ कसा उभा राहतो, हें समजून घेण्यास म्हणूनच ही हकीकत मुळापासून पाहण्यासारखी आहे.

त्या काळीं सीरिया आणि लेबॅनन हे प्रांत उस्मानी तुर्कांच्या साम्राज्यांत मोडत. मक्केच्या यात्रेचा मोठा काफला दरसाल दमास्कसहून निघे, त्यामुळें मुसलमानी जगांत त्या शहराची प्रतिष्ठा मोठी. लाखाहून अधिक वस्तीच्या ह्या शहरांत ख्रिस्ती लोक पंधरा-वीस हजारांच्या आसपास होते. ते कोणी परके नव्हते. इस्लामचा उदय होण्यापूर्वींपासून त्यांचीं घराणीं तेथें नांदत आलीं होतीं. त्यांची भाषा अरबी, पोषाख अरबी, आणि खाणेंपिणेंहि शेजाऱ्यांसारखेंच. राज्यांतील त्यांचें स्थान शतकानुशतकें ठरून गेलेलें होतें. त्यांनीं जिझिया भरावा, शस्त्र धरूं नये, डोळ्यांत भरेल अशा थाटानें राहूं नये, आणि त्याच्या मोबदल्यांत सरकारनें त्यांच्या जीवितवित्ताचें रक्षण करावें. हा करार समतेचा नव्हता खास. परंतु तो करार होता.

१८३९ आणि १८५६ ह्या सालीं निघालेल्या दोन फर्मानांनीं सुलतानानें हा करार मोडीत काढला. सर्व प्रजाजन, मग ते कोणत्याहि धर्माचे असोत, कायद्यापुढें समान आहेत, असें त्या फर्मानांनीं जाहीर केलें. दुसरें फर्मान निघालें तें क्रिमियाच्या युद्धाच्या अखेरीस, युरोपियन दोस्तांच्या आग्रहाखालीं. त्यामुळें तें परक्यांनीं लादलेलें आहे अशी समजूत सर्वत्र पसरली. तशांत आगबोटीनें विलायती कापड येऊं लागलें आणि दमास्कसच्या विणकरांचे माग बंद पडूं लागले. (ही आपत्ति काय असते, हें महाराष्ट्रांतील साळी-कोष्ट्यांच्या गांवांना निराळें सांगावयास नको.) त्याच व्यापारांत कांहीं ख्रिस्ती सावकार-व्यापारी मात्र गबर झाले, आणि युरोपियन वकिलातींचें संरक्षण मिळवून करांतून व न्यायालयांतूनहि निसटूं लागले. पुढें लष्करी नोकरीच्या ऐवजीं द्यावयाच्या नव्या कराचा तंटा निघाला. ख्रिस्ती लोक म्हणाले, हा जुना जिझियाच नव्या नांवानें आला आहे, आम्ही भरणार नाहीं. बहुसंख्य समाजास वाटलें, ह्यांनीं आपल्या बाजूचा करार मोडला, तेव्हां आपणहि त्यांतून मोकळे झालों.

येवढ्यावरून कत्तल होते असें नाहीं. मत्सर, बेकारी, धर्माभिमान आणि अफवा हीं चारी द्रव्यें पुष्कळ शहरांत वर्षानुवर्षें पडून असतात आणि माणसें एकमेकांच्या शेजारीं राहून संसार करतात. दमास्कसमध्यें ठिणगी पडली ती शेजारच्या लेबॅननच्या डोंगरांतून येऊन.

तेथें मॅरोनाईट ख्रिस्ती आणि द्रूझ ह्या दोन जमातींचें वैर १८४१ पासून धुमसत होतें. १८६० च्या मे महिन्याच्या अखेरीस त्यांच्यांत उघड युद्ध जुंपलें. दोष सगळा एका बाजूचा होता असें म्हणतां येत नाहीं. मॅरोनाईटांनींहि शस्त्रें जमविलीं होतीं आणि धमक्या दिल्या होत्या. परंतु लढाई निराळी आणि निःशस्त्रांची कत्तल निराळी. ज्या ज्या ठिकाणीं पहिलीचें रूपांतर दुसरींत झालें, त्या त्या ठिकाणीं सरकारी अंमलदार हजर होते. बैरूतचा सुभेदार खुर्शीद पाशा हाजमिये येथें फौजेची छावणी देऊन बसला होता. छावणीच्या जवळचें बाबदा गांव जळालें, आणि फौज जागची हलली नाहीं. हासबाया येथील तुकडीचा अधिकारी उस्मान बे यानें ख्रिस्ती लोकांना सरकारवाड्यांत आश्रय दिला, अभयाचा कौल दिला आणि त्या कौलाच्या जोरावर त्यांचीं शस्त्रें काढून घेतलीं. मग वाड्याचे दरवाजे उघडले, आणि बाहेर टपून बसलेले लोक आंत शिरले. देर-अल-कमर ह्या गांवींहि जूनच्या तिसऱ्या आठवड्यांत हाच प्रकार घडला. तेथें हजाराहून अधिक माणसें मारलीं गेलीं. मराठींत ज्याला कुंपणानें शेत खाणें म्हणतात, तें याहून निराळें नसतें.

येथें एक गोष्ट लक्षांत घ्यावयास हवी. ह्या ठिकाणच्या शिपायांनीं, कांहीं अपवाद सोडले तर, स्वतः शस्त्र चालविलें नाहीं. त्यांनीं दोनच कामें केलीं. ज्यांना मारावयाचें होतें त्यांच्या हातांतलें शस्त्र घेतलें, आणि ज्यांना मारावयाचें होतें त्यांना एका जागीं गोळा केलें. सरकारवर विश्वास ठेवणारे लोक त्या विश्वासापायीं मेले. जे सरकारला न जुमानतां डोंगरांत किंवा समुद्राकडे पळाले त्यांच्यापैकीं पुष्कळ वांचले.

हजारों निर्वासित दमास्कसमध्यें येऊन पडले. त्यांच्याबरोबर बातम्याहि आल्या. जूनच्या १८ तारखेस झाहले हें ख्रिस्ती लोकांचें भरभराटलेलें गांव पडलें, तेव्हां दमास्कसच्या बाजारांत मोठा विजय मिळाल्याप्रमाणें आनंद करण्यांत आला. परंतु ह्या आनंदापेक्षांहि घातक अशी दुसरी गोष्ट होती. डोंगरांत एवढें होऊनहि एकाहि अंमलदाराची बदली झाली नाहीं, कोणास अटक झाली नाहीं, कोणाची साधी चौकशीसुद्धां झाली नाहीं. सुलतानानें काढलेलें समतेचें फर्मान दमास्कसच्या सामान्य माणसानें वाचलेलें नव्हतें. त्याला सरकारचें मत कळण्याचें साधन एकच: सरकार कशाला शिक्षा करतें आणि कशाला करीत नाहीं. हासबायाच्या अंमलदारास कांहींच झालें नाहीं, ह्याचा अर्थ बाजारांत असा लावला गेला कीं, वरच्यांची इच्छाच तशी आहे. अफवेला ह्याहून सबळ पुरावा लागत नाहीं.

शहरांत धोक्याची सूचना देणारीं माणसें नव्हतीं असें नाहीं. त्यांतला मुख्य अमीर अब्द-अल-कादिर. ह्या पुरुषाचें चरित्र विलक्षण आहे. अल्जीरियांत फ्रेंचांशीं पंधरा वर्षें झुंजून तो १८४७ सालीं शरण गेला, फ्रान्समध्यें कैदेंत राहिला, सुटल्यावर तुर्कस्तानांत आला आणि १८५५ पासून आपल्या अनुयायांसह दमास्कसमध्यें अध्ययन-अध्यापनांत काळ घालवूं लागला. ज्या ख्रिस्ती राष्ट्रानें त्याचें राज्य आणि देश हिरावून घेतला, त्या राष्ट्राच्या धर्मबंधूंची काळजी त्याला वाटावी हें पुष्कळांना नवल वाटेल. त्याला ती वाटत होती. तो सुभेदाराकडे जाऊन आला; एकदां नव्हे, अनेकदां. दर वेळीं अहमद पाशानें त्याला भिण्याचें कारण नाहीं म्हणून सांगितलें. जूनच्या अखेरीस बकरी ईद शांततेंत पार पडली, तेव्हां सुभेदाराचा आत्मविश्वास आणखी वाढला असावा. अमिरानें मात्र फ्रेंच वकिलातीच्या साहाय्यानें आपल्या अल्जीरियन मंडळींसाठीं गुपचूप शस्त्रें मिळविलीं.

८ जुलैच्या सुमारास कांहीं मुसलमान पोरांनीं ख्रिस्ती पेठेंतील रस्त्यांवर क्रूस काढले. येणाऱ्याजाणाऱ्यांनीं त्यांवर पाय देऊन जावें, हा हेतु. तक्रार झाली. कित्येक आठवडे कांहींएक न करणाऱ्या सुभेदारानें आतां एकाएकीं कडकपणाचा आव आणला. पोरांपैकीं कांहींना पकडून ९ तारखेस सोमवारीं त्यांच्या पायांत बेड्या घातल्या आणि हातांत झाडू देऊन त्यांना ख्रिस्ती पेठेचे रस्ते झाडावयास पाठविलें. भर बाजारांतून ही मिरवणूक निघाली. नातेवाईक धांवले, बेड्या तोडण्यांत आल्या, आरडाओरडा झाला, दुकानें पटापट मिटलीं, आणि तासाभरांत जमाव पूर्वेकडील तोमा दरवाजाच्या बाजूच्या ख्रिस्ती पेठेंत घुसला.

दुर्बळ सत्तेची ही एक खूण आहे. ती दीर्घकाळ कांहीं करीत नाहीं, आणि करते तेव्हां धाक बसणार नाहीं पण संताप येईल असें कांहीं तरी करते. बेड्या घातलेल्या पोरांच्या मागें पुरेशी फौज असती तर तो न्याय झाला असता. फौजेवांचून तें नुसतें डिंवचणें झालें. पेठेच्या तोंडाशीं असलेल्या शिपायांनीं सुरुवातीला गोळीबार केला. त्यानें जमाव क्षणभर थबकलाहि. पण मागून कुमक आली नाहीं, हुकूम आला नाहीं, आणि शिपाई मागें हटले. त्या क्षणीं जमावाच्या मनांत उरलीसुरली शंका होती तीहि गेली. थोड्याच वेळांत सरकारी शिबंदीचे लोक लुटींत सामील झालेले दिसले.

पुढें आठ दिवस काय झालें तें विस्तारानें सांगण्याचें कारण नाहीं. आधीं लूट, मग आग, मग पुरुषांची कत्तल असा क्रम होता. रशियन वकिलात पहिल्या प्रथम जळालेल्या इमारतींपैकीं होती. प्रार्थनामंदिरें, मठ आणि पंधराशेंच्या आसपास घरें राख झालीं. फ्रान्सिस्कन मठांतील आठ साधु आणि त्यांच्याबरोबर आश्रयास आलेले मसाबकी आडनांवाचे तिघे मॅरोनाईट भाऊ मारले गेले. ह्या अकरा जणांना रोमच्या पोपनीं २०२४ सालीं संतपद दिलें. कित्येकांना जीव वांचविण्यासाठीं धर्म बदलावा लागला. मृतांच्या संख्येबद्दल एकमत नाहीं. निरनिराळे अंदाज अडीच हजारांपासून पांच-सहा हजारांपर्यंत जातात. अमेरिकन सरकारचा तेथील उपवकील डॉक्टर मिखाईल मिशाका हा स्थानिक ख्रिस्ती विद्वान होता. मुलांबाळांना घेऊन पळतांना तो पाठलाग करणाऱ्यांच्या पुढें नाण्यांच्या मुठी फेंकी, ते नाणीं वेंचीपर्यंत पुढची गल्ली गांठी. डोक्यावर कुऱ्हाडीचा घाव बसूनहि तो वांचला आणि पुढें त्यानें ह्या सर्व प्रकाराचें वृत्त लिहून ठेवलें. धर्मासाठीं म्हणून निघालेला जमाव नाण्यांसाठीं वाकत होता, ही गोष्ट त्या वृत्तावरून सहज ध्यानांत येते.

अहमद पाशाच्या बाजूनें बोलणारे म्हणत कीं, त्याच्याजवळ फौज फार थोडी होती; बरीचशी साम्राज्याच्या युरोपांतील सरहद्दीकडे गेली होती. हें खरें आहे. परंतु त्याच शहरांत, त्याच दिवसांत, त्याच्याहून कमी बळाच्या माणसांनीं काय केलें तें पाहिलें म्हणजे हा बचाव टिकत नाहीं. अब्द-अल-कादिर आपली हजार-बाराशें माणसें घेऊन जळत्या पेठेंत शिरला आणि गल्ल्यागल्ल्यांतून लोकांना काढून आपल्या वाड्यांत आणूं लागला. वाडा भरला तेव्हां त्यानें त्यांना तुकड्यातुकड्यांनीं किल्ल्यांत पोंचविलें. जो कोणी ख्रिस्ती माणसाला सुखरूप आणून देईल त्याला माणशीं पन्नास पियास्तर देण्याचें त्यानें जाहीर केलें, आणि पैशाची थैली जवळ घेऊन तो दारांत बसला. लोभानें चाललेल्या हुल्लडीला त्यानें लोभाचीच दुसरी वाट काढून दिली. जमाव त्याच्या दारावर चालून आला तेव्हां तो सामोरा गेला, आणि जमाव परतला. अशा रीतीनें हजारों माणसें वांचलीं.

दुसरें उदाहरण मैदान नांवाच्या पेठेचें. शहराच्या दक्षिणेस पसरलेल्या ह्या मुसलमान वस्तींत कांहीं ख्रिस्ती कुटुंबेंहि राहत. येथील धान्यव्यापारी आणि पेठेचे म्होरके ह्यांनीं आपल्या गल्ल्यांच्या तोंडांवर पहारे बसविले आणि बाहेरच्या कोणासहि आंत येऊं दिलें नाहीं. त्यांत शेजारधर्म होता, दक्षिणेकडील ख्रिस्ती खेड्यांशीं असलेल्या व्यापाराची काळजीहि होती. हेतु मिश्र असले म्हणून बिघडलें नाहीं. मैदानांतले ख्रिस्ती लोक वांचले. धर्म तोच, शहर तेंच, अफवा त्याच. फरक एवढाच कीं येथें कोणीतरी "नाहीं" म्हणावयास उभें होतें. हें काम वास्तविक सुभेदाराचें. त्यानें किल्ल्याचा दरवाजा निर्वासितांना उघडला, हें त्याच्या पदरांत टाकलेंच पाहिजे. पण उन्हाळ्याच्या भरांत हजारों जखमी माणसें अपुऱ्या अन्नपाण्यावर तेथें कोंडून पडलीं, आणि बाहेर त्यांचीं घरें जळत राहिलीं.

इस्तंबूलहून परराष्ट्रमंत्री फुआद पाशा निघाला तो जुलैच्या २९ तारखेस दमास्कसला पोंचला. युरोपियन फौजा येण्याच्या आंत आपणच न्याय करून दाखवावा, ही त्याची निकड होती. ऑगस्टच्या २० तारखेस एका दिवसांत दीडशेंहून अधिक माणसांना फाशी देण्यांत आलें किंवा गोळ्या घालण्यांत आल्या. गोळ्या घातलेल्यांत शिबंदीचे शिपाई पुष्कळ होते. शहरावर जबर दंड बसला. मग सप्टेंबरांत अहमद पाशाची पाळी आली, आणि त्याच्याबरोबर हासबायाच्या उस्मान बेचीहि. सुभेदाराला इतक्या लौकर मारलें तें त्याचें तोंड बंद करण्यासाठीं, अशी कुजबुज त्या काळींहि झाली. बैरूतचा खुर्शीद पाशा मात्र प्राणदंडांतून सुटला. डोंगरांतील कत्तलींचे बहुतेक द्रूझ पुढारीहि सुटले. तेव्हां फुआदचा न्याय निर्मळ होता असें कोणी म्हणणार नाहीं. तरी त्या एका शिक्षेचा अर्थ साम्राज्यांतल्या प्रत्येक अंमलदाराला बरोबर कळला असला पाहिजे. उस्मानी राजवट १९१८ सालीं संपेपर्यंत दमास्कसमध्यें ख्रिस्ती लोकांवर असा प्रसंग पुन्हां आला नाहीं.

ऑगस्टमध्यें फ्रान्सची सहा हजार फौज बैरूतला उतरली, आणि पांच युरोपियन राष्ट्रांचें मंडळ चौकशीस बसलें. त्यांत इंग्लंडतर्फे आलेला तरुण उमराव पुढें आपल्याकडे चांगलाच परिचित झाला. राष्ट्रीय सभेची पहिली बैठक १८८५ सालीं मुंबईस भरली तेव्हां हिंदुस्थानचे व्हाइसरॉय असलेले लॉर्ड डफरिन ते हेच. द्रूझांपेक्षां तुर्की अंमलदारांची जबाबदारी मोठी, असा त्यांचा आग्रह होता. द्रूझांचे पाठीराखे इंग्रज आणि मॅरोनाईटांचे फ्रेंच, तेव्हां ह्या आग्रहांत राजकारण होतेंच. पण म्हणून तो खोटा ठरत नाहीं. १८६१ सालीं लेबॅननच्या डोंगरी मुलुखाला स्वतंत्र कारभार आणि बाहेरचा ख्रिस्ती अधिकारी मिळाला. पहिला अधिकारी दाऊद पाशा हा आर्मेनियन होता. ती व्यवस्था पहिल्या महायुद्धापर्यंत टिकली.

त्याच आर्मेनियन लोकांच्या वाट्याला दमास्कसच्या उलट अनुभव आला. १८९४ सालीं सासून येथें सरकारी फौज आणि कुर्दी टोळ्या ह्यांच्या हातून त्यांची कत्तल झाली. युरोपांत गवगवा झाला, चौकशी नेमली गेली, आणि सेनापति झेकी पाशा यास शिक्षा होण्याऐवजीं मानचिन्ह मिळालें. पुढच्याच वर्षीं आर्मेनियन प्रांतांत सुधारणा करण्याचें सुलतानानें कबूल केलें, आणि त्याच शरदृतूंत ट्रॅबिझॉंड, एर्झुरूम, दियारबकर अशा गांवोगांवीं दंगे सुरू झाले. १८९५ च्या डिसेंबर अखेर उर्फा शहरांत आर्मेनियन लोकांकडून आधीं शस्त्रें काढून घेतलीं गेलीं. हासबायाची रीत पस्तीस वर्षांनंतरहि कोणी विसरलें नव्हतें. मग बिगूल वाजल्यावर हल्ला सुरू झाला आणि बिगूल वाजल्यावर थांबला. मुख्य प्रार्थनामंदिरांत आश्रय घेतलेलीं सुमारें तीन हजार माणसें तेथेंच जाळलीं गेलीं. ज्या हिंसेला थांबविण्यासाठीं बिगूल पुरतो, ती थांबवितां येत नव्हती असें म्हणण्यास जागा राहत नाहीं. दोन-तीन वर्षांतल्या बळींचे अंदाज एक लाखापासून तीन लाखांपर्यंत आहेत. ह्या वेळीं एकाहि सुभेदारास दमास्कसचें शासन झालें नाहीं.

१९०९ सालच्या एप्रिलमध्यें आदाना येथें वीस हजारांच्या आसपास आर्मेनियन मारले गेले. खटले झाले, सामान्य माणसें फांसावर गेलीं, त्यांत कांहीं आर्मेनियनहि होते. सुभेदार आणि लष्करी अधिकारी सौम्य शिक्षांवर सुटले.

सहा वर्षांनीं, १९१५ सालीं, कानाडोळा करण्याची गरजच उरली नाहीं. आर्मेनियन लोकांना घालवून देण्याचे हुकूम आतां राजधानींतूनच सुटूं लागले. कांहीं थोड्या अंमलदारांनीं ते पाळले नाहींत. कुताह्याचा फाइक अली बे यानें आपल्या हद्दींतील आर्मेनियनांना हलूं दिलें नाहीं. दियारबकर प्रांतांतील लिजे येथील तालुक्याचा अधिकारी हुसेन नेसिमी यानेंहि आपल्या ताब्यांतील ख्रिस्ती रयतेला हात लावूं देण्याचें नाकारलें. प्रांताच्या सुभेदारानें त्याला भेटीस बोलाविलें, आणि जूनमध्यें दियारबकरच्या वाटेवर त्याचा खून करण्यांत आला.